छत्तीसचा आकडा

मी छायाचित्रकार नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी बँकेत क्लार्क आहे. शिक्षण बी. कॉम., वर्ग दुसरा, तोही काठावरचा. पण फोटोंच्या बाबतीत माझा अधिकार कमी समजू नका. गेल्या बावीस वर्षांत हिंगणघाटातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या जितक्या लोकांचे फोटो मी स्वतःच्या हातांनी डिंक लावून चिकटवले आहेत, तितके एखाद्या नामवंत छायाचित्रकाराने जन्मात काढले नसतील. खातं उघडायला फोटो, पीककर्जाला फोटो, लॉकरला फोटो. अर्धी सही फोटोवर आणि अर्धी कागदावर घेण्यात माझा हातखंडा आहे. त्यामुळे माणूस फोटोत कसा दिसतो आणि काउंटरपलीकडे कसा दिसतो, यातला फरक मला रोज सकाळी साडेदहापासून दिसत असतो. तो फरक पाहून दोघांची संयुक्त खाती उघडावीत असं मला पुष्कळदा वाटलं आहे.

आता भांडण कसं सुरू झालं ते सांगतो. मागच्या मे महिन्यात आमच्याकडे दोन पाहुणे एकाच दिवशी आले. एक माझा पुतण्या. तो पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दुसरे आमचे साडूभाऊ, मुक्काम नागपूर. हिंगणघाटात मे महिन्यात पाहुणा येतो तो एक तर लग्नाला किंवा नाइलाजाने. हे दोघे लग्नाला आले होते. पुतण्याने आल्याबरोबर, पाणीसुद्धा न पिता, फ्रिज उघडला. मला वाटलं, पोरगं उन्हातून आलं आहे, पन्हं शोधत असेल. त्याने उलट खिशातून तीन डब्या काढल्या आणि विरजणाच्या गंजाशेजारी ओळीने मांडून ठेवल्या.

"कायच्या गोळ्या हायेत रे ह्या?" आईने काळजीने विचारलं. "कोन्या डॉक्टरच्या?"

"गोळ्या नाही गं आजी. फिल्मचे रोल आहेत. उन्हानं खराब होतात."

आईने एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. बाहेर पंचेचाळीस डिग्रीत माणसं भाजून निघत होती आणि फ्रिजमध्ये रोल आराम करत होते.

पुतण्याच्या गळ्यात जो कॅमेरा होता, तो वयाने त्याच्याहून मोठा होता. जुना बाजार धुंडाळून त्याने तो मिळवला होता. "काका, फिल्ममध्ये जीव असतो," तो म्हणाला. "एका रोलमध्ये फोटो छत्तीस. त्यामुळे प्रत्येक वेळी विचार करावा लागतो. डिजिटल म्हणजे नुसता कचरा."

कचरा हा शब्द साडूभाऊंना झोंबला. त्यांच्या मोबाइलमध्ये त्या दिवशीच्या मोजणीनुसार छत्तीस हजार फोटो होते. "अरे बाबू," ते म्हणाले, "तुझे छत्तीस धुऊन येईपर्यंत माझे छत्तीस हजार साऱ्या नातेवाइकांना पोचलेसुद्धा राहतात. विचार कायले पाहिजे? आधी काढायचे, मग पाहायचे."

झालं. मराठीत छत्तीसचा आकडा म्हणतात तो हाच. तीन आणि सहा, दोघे शेजारी बसलेले आणि पाठ फिरवून बसलेले. लग्नाच्या मांडवातही तेच चाललं. हार घालायचा क्षण आला तेव्हा पुतण्या उजेड मोजत होता. त्याचं मोजून झालं तोवर अक्षता पडून लोक पंगतीला बसले होते. साडूभाऊंनी त्याच क्षणाचे एकशे चाळीस फोटो काढले आणि त्या एकशे चाळिसांत व्हिडिओवाल्याची पाठ फार सुंदर आली आहे. नवरदेव दिसावा म्हणून मी बराच प्रयत्न केला. एका फोटोत त्याच्या फेट्याचा तुरा सापडला.

रात्री गच्चीवर गाद्या टाकल्यावर दोघांनी मला पंच नेमलं. बँकेचा माणूस तटस्थ असतो असा लोकांचा गैरसमज आहे. मी तटस्थ नव्हतोच. मला दोघांचाही राग होता आणि त्याला कारण होतं. ते कारण शेवटी सांगतो. आधी दोघांचे हिशेब तपासू.

प्रथम पुतण्याचं खातं. फिल्म खरं बोलते, असं ह्या मंडळींचं म्हणणं. १८५८ साली, म्हणजे फोटोग्राफी पुरती पंचवीस वर्षांचीही झाली नव्हती तेव्हा, इंग्लंडमध्ये हेन्री पीच रॉबिन्सन नावाच्या गृहस्थाने पाच निगेटिव्ह जोडून एक चित्र केलं. मरणाला टेकलेली मुलगी आणि भोवती तिचे आप्त. लोकांना वाटलं, हा माणूस एवढ्या दुःखात घरात शिरला तरी कसा! तो कुठेच शिरला नव्हता. त्याने ते दुःख कात्रीने आणि डिंकाने जमवलं होतं. इतक्या लांब कशाला, आमच्या घरातच पाहा. १९७१ साली आई-बाबांचं लग्न झालं, तेव्हा स्टुडिओत जाऊन जोडीचा फोटो काढला. मागे रंगवलेला बगीचा, बाजूला फुलदाणी, पोटात घेतलेला श्वास. बाबांच्या डाव्या गालावर ठसठशीत तीळ होता. फोटोवाल्याला तो डाग वाटला. त्याने निगेटिव्हवर पेन्सिलीचं बारीक टोक फिरवलं आणि तीळ भरून काढला. त्या काळी ह्याला टचिंग म्हणत आणि त्याचे वेगळे पैसे पडत. पन्नास वर्षं तो फोटो भिंतीवर आहे आणि आई आजही म्हणते, "हे कोन हायेत, मले नाही माहीत. माह्या नवऱ्याले तीळ होता."

दुसरा मुद्दा, छत्तीसच फोटो म्हणून माणूस विचार करतो. मी बँकेत आहे, त्यामुळे हे मला पटत नाही. पैसा कमी आहे म्हणून माणूस विचार करून खर्च करतो, असं असतं तर आमचा वसुली विभाग बंद करावा लागला असता. आमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये रोलचेच फोटो आहेत. त्यांत निम्म्या माणसांची डोकी नाहीत. मामा आहेत ते फक्त कमरेपर्यंत, म्हणजे खालून कमरेपर्यंत. महाबळेश्वरच्या सहलीचा तर रोल कॅमेऱ्यात नीट अडकलाच नव्हता. बाबा तीन दिवस चावी फिरवत होते, आम्ही तीन दिवस हसत होतो आणि धुऊन आल्यावर सगळं कोरं. पुतण्याचं हे रोल-प्रकरण आणखी एका बाबतीत गमतीचं आहे. रोल हजाराच्या घरात, धुणावळ वेगळी. तो धुतात, मग स्कॅन करतात आणि फोटो त्याला मोबाइलवर पाठवतात! मग तो ते साडूभाऊंच्याच ग्रुपवर टाकतो. गाव फिरून आलेल्या बैलगाडीसारखी ही फिल्म शेवटी डिजिटलच्याच गोठ्यात येऊन उभी राहते.

आता साडूभाऊंचं खातं. डिजिटलला मी नावं ठेवणार नाही. त्याचा जन्मही कोडॅकच्याच घरातला. १९७५ साली कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन ह्या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, ठिपके अवघे दहा हजार आणि एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला तेवीस सेकंद. साहेबांनी तो बाजूला ठेवला, कारण धंदा फिल्मचा होता. २०१२ च्या जानेवारीत त्याच कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. घरातलं पोर काय म्हणतंय ते न ऐकल्याचं इतकं महाग उदाहरण कॉमर्सच्या पुस्तकात दुसरं नाही. आपल्याकडे उटीला १९६० साली निघालेला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना 'इंदू' नावाची फिल्म काढत असे. तोही बंद पडला.

आणि डिजिटलच्या बाजूने एक गोष्ट मी शपथेवर सांगायला तयार आहे. नोकरीला लागल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षीची गोष्ट. एका खेड्यातली बाई काउंटरवर आली. नवरा वारला होता. क्लेमचे कागद झाले, पैसे मिळतील असं सांगितलं, तरी ती हलेना. मग हळूच म्हणाली, "साहेब, तो फारमावरचा फोटो मले भेटन का? घरी एकबी नाही." नियमाप्रमाणे मूळ फॉर्म देता येत नव्हता. मी त्या फोटोची झेरॉक्स काढून दिली. काळा ठिपका, पांढरा ठिपका, मधे आमच्या शिक्क्याची गोल कड. तिने ती पदरात बांधली. आज त्या गावातल्या साध्या मोबाइलमध्येही घरातल्या सगळ्यांचे फोटो असतात. तेव्हा मोबाइलच्या फोटोला कचरा म्हणणाऱ्याने एकदा माझ्या खुर्चीत बसून बघावं.

पण साडूभाऊ, तुम्ही मान डोलवू नका. तुमच्या हिशेबात मोठी गफलत आहे. "आधी काढायचे, मग पाहायचे" हे तुमचं ब्रीद. मराठीत आपण फोटो काढतो म्हणतो आणि पैसेही काढतो म्हणतो. तुमच्या पैशांच्या बाबतीत आम्ही एकच विचारतो, आधी काही जमा केलं आहे का? खात्यात दमडी नसताना छत्तीस हजार वेळा स्लिप भरून पाठवली तर कॅशियर काय देईल? फोटोचंही तसंच आहे. पाहणं आधी जमा करावं लागतं. ते खातं रिकामं असेल तर बटण रोलचं असो की मोबाइलचं, हाती यायचं ते कोरं चलनच.

ज्यांचं पाहणं जमा होतं असा एक माणूस आपल्याच जिल्ह्यात होऊन गेला. सेवाग्राम आमच्यापासून फार लांब नाही. तिथे गांधीजींचा नातू-पुतण्या कनू गांधी आश्रमाचं पडेल ते काम करायचा. त्याला फोटो काढायची हौस होती. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून कॅमेरा आणि रोल आला. गांधीजींनी परवानगी दिली ती तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही. उभे राहा, बसा, इकडे बघा असं सांगायचं नाही. आणि आश्रम ह्या उद्योगाला पैसे देणार नाही. आमच्या बँकेचा कर्जविभागही इतक्या अटी घालत नाही! मातीची कुटी, आतला मंद उजेड, त्या काळची मंदगती फिल्म आणि समोरचा माणूस घटकाभर स्थिर बसेल तर शपथ. दुसऱ्या कोणी कॅमेरा विकून टाकला असता. कनू गांधी १९४८ पर्यंत फोटो काढत राहिला आणि गांधीजी घरात कसे होते, टेलिफोनवर कसे बोलत, वजनाच्या काट्यावर कसे उभे राहत, हे आज आपल्याला दिसतं ते त्याच्यामुळे. त्याच्याजवळ उजेड नव्हता, पैसा नव्हता. पण ह्या खोलीत आता काय घडेल, हे त्याला ठाऊक असे, कारण तो त्या घरातच राहत होता.

याच्या उलट पाहुणी म्हणून आली ती मार्गारेट बर्क-व्हाइट, अमेरिकेच्या 'लाइफ' मासिकाची. १९४६ साली पुण्यात तिला चरख्याजवळचे गांधीजी हवे होते. चिटणीस प्यारेलाल यांनी तिला विचारलं, सूत कातता येतं का? नाही म्हणताच त्यांनी आधी कातायला शिकून या, असं सांगितलं. बिचारी शिकली. मग आत सोडलं, तेही फ्लॅशचे तीनच दिवे देऊन. पहिले दोन फसले, तिसरा लागला. पुढे चरख्याआडून वाचत बसलेल्या गांधीजींचा तिचा फोटो जगभर गेला. आमचा गाव कापसाचा, त्यामुळे ही गोष्ट मला फार आवडते. सूत कातून कोणाला कॅमेरा चालवता येत नाही, हे प्यारेलालजींनाही माहीत असणार. पण ज्याचा फोटो काढायचा, त्याचं काम काय असतं हे बोटांना एकदा कळू दे, एवढाच त्यांचा आग्रह होता.

आणि आपले दादासाहेब फाळके! विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला, आणि पहिल्यांदा काय काढलं? कुंडीतला वाटाणा. दररोज थोडं थोडं चित्रण करून त्यांनी बी रुजून वेल होईपर्यंतची वाढ मिनिटभरात दाखवली. ते पाहून पैसे लावणारे पुढे आले आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' निघाला. एका वाटाण्यापुढे महिनाभर बसणारा माणूस उद्या मोबाइल घेऊन आला असता, तरी तो महिनाभर बसलाच असता.

यंत्राचा मोठेपणा सांगणाऱ्यांसाठी आमच्या गावात एक कबरही आहे. विल्यम लॅम्बटन. १८०२ साली मद्रासपासून हिंदुस्थानची मोजणी ज्याने सुरू केली, तो हा साहेब. नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याच्याजवळ अर्ध्या टनाचा थिओडोलाइट होता. भिंगातून पाहायचं यंत्र. १८०८ साली तंजावरच्या देवळाच्या शिखरावर चढवताना ते आपटलं आणि वाकलं. आजचा माणूस असता तर वॉरंटी कार्ड शोधत बसला असता. लॅम्बटन तंबूत जाऊन बसला आणि सहा आठवडे हातांनी ठोकून, ओढून त्याने यंत्र सरळ केलं. मग त्याच यंत्राने मोजणी पुढे चालू. यंत्र वाकलं तरी चालतं, ते सरळ कसं असावं हे ज्याला माहीत आहे तो माणूस जाग्यावर पाहिजे.

आता माझ्या रागाचं कारण सांगतो. २०१९ साली मेव्हणीच्या मुलीचं साक्षगंध होतं. साडूभाऊंनी सगळ्या कुटुंबाचा मोबाइलवर फोटो काढला. छान आला. पण मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर कोणी म्हातारे गृहस्थ हातात बुंदीची प्लेट घेऊन बसले होते, ते मधेच दिसत होते. साडूभाऊंजवळ कसलंसं ॲप होतं. त्यावर बोट फिरवलं की नको ते पुसलं जातं. त्यांनी बोट फिरवलं. म्हातारे गेले, खुर्ची गेली, बुंदीची प्लेट गेली, मागे नुसता स्वच्छ पडदा. जागा अडते म्हणून मूळ फोटोही काढून टाकला.

ते म्हातारे म्हणजे आमचे बाबा.

१९७१ साली स्टुडिओवाल्याने त्यांचा तीळ पुसला आणि २०१९ साली साडूभाऊंनी तिळासकट बाबा पुसले. तंत्रज्ञानाची प्रगती म्हणतात ती ही. २०२१ च्या उन्हाळ्यात बाबा गेले. तेराव्याला फोटो लावायचा म्हणून आम्ही शोधायला बसलो, तर छत्तीस हजारांत बाबा कुठे? एका फोटोत कान. एकात पाठमोरे, चप्पल शोधताना. एकात आहेत पूर्ण, पण त्यांना इतकं गोरं केलेलं की आईने ओळखलंच नाही. साडूभाऊ त्या दिवशी बोलले नाहीत. मोबाइल खिशात ठेवून नुसते बसून राहिले. त्यांना ते लागलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण राग राहिला तो राहिला.

शेवटी आईनेच ट्रंकेतून एक फोटो काढून दिला. आमच्याकडे १९९१ च्या सुमारास 'हॉटशॉट' होता, नुसतं बटण दाबायचा स्वस्त कॅमेरा. त्याचा तो फोटो. क्षितिज वाकडं, कोपऱ्यात आईच्या बोटाचा गुलाबी डोंगर. अंगणात खाटेवर बाबा बसले आहेत. ते कापसाच्या बाजारात अडत्याकडे दिवाणजी होते. घरी येताना सदऱ्याच्या खिशात चिमूटभर कापूस असायचाच. तो दोन्ही हातांच्या चिमटीत धरून, ओढून, तंतू उन्हाकडे करून बघायचे. लांबी किती, ताकद किती, भाव काय यावा. बघताना एक डोळा मिटायचे. फोटोत तो डोळा मिटलेला आहे, चिमटीत धागा चमकतो आहे आणि गालावर तीळ आहे.

त्या रात्री गच्चीवर मी खाली जाऊन तोच फोटो आणला आणि दोघांच्या मधे ठेवला. पुतण्याने टॉर्च लावून पाहिला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग आजीला हाक मारली. "आजी, हा तू काढला? किती फोटो काढले होते तेव्हा?"

"एकच. तुह्या बापानं रोल संपवला होता. एक उरला होता."

पुतण्या विजयाने साडूभाऊंकडे वळणार, एवढ्यात आई म्हणाली, "शंभर राहिले असते तरी एकच काढला असता. वीस वरसं पाहून राहिले होते ना मी. कापूस पायला की ते एक डोळा मिटत. तेव्हाच कायतरी खरे खरे दिसत. बाकी वेळ आपले दिवाणजी."

यावर दोघांनाही उत्तर सुचलं नाही. मला तर पंचनाम्याची गरजच उरली नाही. थोड्या वेळाने साडूभाऊ हळूच म्हणाले, "भाऊ, ह्याचा एक फोटो घेऊ का मोबाइलमध्ये? हा कागद पिवळा पडून राहिला." मी हो म्हटलं. त्यांनी मोबाइल धरला. पुतण्या म्हणाला, "थांबा काका, चमक येते आहे. जरा इकडून घ्या." आणि त्याने टॉर्च तिरपी केली. तीन आणि सहा एका गादीवर तोंडाला तोंड करून बसलेले मी प्रथमच पाहिले. पुसायच्या ॲपला साडूभाऊंनी त्यानंतर हात लावलेला नाही. कोपऱ्यातलं आईचं बोटसुद्धा त्यांनी तसंच ठेवलं आहे.

मी मात्र एक नवी खोड लावून घेतली आहे. काउंटरवर फॉर्म आला की फोटोला डिंक लावण्याआधी मान वर करून समोरच्या माणसाकडे नीट पाहतो. रांग थोडी लांबते. मागचे लोक ओरडतात, मॅनेजर काचेतून बघतात. परवा एक शेतकरी वैतागून म्हणाला, "काहून पाहून राहिले साहेब, फोटो माहाच हाय ना?"

"तेच जमा करून घेऊन राहिलो," मी म्हटलं आणि शिक्का मारला.